गाडी तर थांबली होती!

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. फिजिक्स पहिल्यापासून इंग्लिशमधून शिकले. 'त्वरण' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो धाकट्या चुलतभावाच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकात, आणि 'हे काय असतं रे?' असं त्यालाच विचारलं होतं. तेव्हा या लेखात ॲक्सिलरेशनला मी ॲक्सिलरेशनच म्हणणार आहे. मराठी विभागाच्या संपादकांनी आणि शुद्धलेखनवाल्यांनी सांभाळून घ्यावं! पण लेख मात्र मराठीतच लिहायचा होता. कारण ज्या व्यक्तीमुळे तो सुचला तिला इंग्लिश येत नाही. ती म्हणजे माझी आजी.

झालं असं, की मी तेव्हा एफ.ई.ला होते. आजीचं वय एकाहत्तर. दर गुरुवारी ती बसने दत्ताच्या देवळात जायची, येताना भाजी घेऊन यायची. एका गुरुवारी तिचा स्टॉप आला म्हणून ती उठून उभी राहिली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दांडा. गाडी अगदी सावकाश चालली होती. आता थांबणारच म्हणून तिने पिशवी सावरायला दांड्यावरचा हात काढला. गाडी थांबली... आणि आजी मागच्या मागे पडली. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

कंडक्टर बिचारा घाबरून गेला. त्यानेच तिला रिक्षात बसवून दिलं. पण तो एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, "आजी, गाडी तर थांबली होती. तुम्ही पडलात कशा?"

हाच प्रश्न मग घरी सगळ्यांनी विचारला. थांबलेल्या गाडीत माणूस पडतो म्हणजे नक्की चक्कर आली असणार. आजी सांगत होती, "अरे, चक्कर नव्हती आली. गाडीने हिसका दिला." बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता घरात इंजिनिअर आहे ना, विचारा तिला!" आणि मी, जिला मेकॅनिक्सला चांगले मार्क पडले होते, मी ऐटीत निकाल देऊन टाकला. "आजी, ब्रेक लागला की माणूस पुढे पडतो. याला इनर्शिया म्हणतात. तू पडलीस मागे, आणि तेही गाडी थांबल्यावर. थांबलेल्या गाडीची व्हेलॉसिटी शून्य, ॲक्सिलरेशन शून्य, म्हणजे फोर्स शून्य. गाडीने तुला नाही पाडलं."

आजी एवढंच म्हणाली, "असेल बाई. तुमच्या पुस्तकात असेल."

त्यानंतर आजीचं एकटीने बाहेर जाणं बंद झालं. गुरुवार बंद, भाजी बंद, मैत्रिणींकडची भिशीसुद्धा बंद. "तुला चक्कर येते" हे वाक्य घरात इतक्या वेळा बोललं गेलं, की तिने प्रतिवाद करणंच सोडून दिलं. आणि त्या निकालावर शिक्कामोर्तब केलं होतं मी, फिजिक्सच्या नावाने.

आता तुम्ही म्हणाल, हिचा लेख कौटुंबिक मालिकेकडे चाललाय. थांबा, मुद्द्यावर येते. माझा निकाल चूक होता. आजी बरोबर होती. आणि मी चुकले ते अभ्यास कमी पडला म्हणून नाही. आपण मोशन शिकताना ज्या ठिकाणी थांबतो, ते ठिकाणच चुकीचं आहे म्हणून मी चुकले.

डोक्यात लाइट पेटला तो पुढच्या वर्षी, थिअरी ऑफ मशिन्सच्या तासाला. (मेकॅनिकलवाल्यांना कॅमच्या त्या ड्रॉइंग शीट्स आठवत असतील. रात्री दोनला हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये ग्लास ट्रेसिंग करणाऱ्यांना तर जास्तच!) सरांनी विचारलं, "फॉलोअर तेवढ्याच वेळात तेवढाच वर न्यायचा आहे. जास्तीत जास्त ॲक्सिलरेशन सगळ्यात कमी कुठल्या कॅममध्ये?" आम्ही कोरसमध्ये ओरडलो, "युनिफॉर्म ॲक्सिलरेशन अँड रिटार्डेशन!" उत्तर बरोबर होतं. मग सरांचा दुसरा प्रश्न, "मग हायस्पीड मशीनला तो सोडून सायक्लॉइडल का वापरतात? सायक्लॉइडलचं कमाल ॲक्सिलरेशन तर त्याच्या दीडपटीहून जास्त आहे."

वर्ग चिडीचूप. आपल्या हिशेबाने तर कमी ॲक्सिलरेशन म्हणजे कमी फोर्स, म्हणजे चांगली मशीन.

सरांनी फळ्यावर दोन्हींचे ॲक्सिलरेशनचे ग्राफ काढले. पहिल्याला पायऱ्या होत्या. शून्यावरून एकदम वर, मध्यावर एकदम खाली, शेवटी एकदम पुन्हा शून्य. दुसरा ग्राफ उंच होता, पण शून्यापासून हळूहळू चढणारा आणि हळूहळू शून्यावर येणारा. सर म्हणाले, "फोर्स किती आहे यापेक्षा तो किती घाईने आला आणि किती घाईने गेला, हे मशीनला जास्त लागतं. पायरी दिसली की समजा, इथे खडखडाट होणार, इथे झीज होणार." ॲक्सिलरेशन बदलण्याच्या या दराला जर्क म्हणतात. पोझिशनचा तिसरा डेरिव्हेटिव्ह. युनिट मीटर प्रति सेकंद घन. कागदावर त्या पायरीच्या जागी जर्क अनंत असतो.

'शेवटी एकदम पुन्हा शून्य'. हे शब्द ऐकले आणि मला कॅम दिसेनासा झाला. मला आजीची बस दिसायला लागली.

आता तोच प्रसंग नीट पाहू. समजा बस ताशी १० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि ब्रेकमुळे तिचा वेग दर सेकंदाला १.५ मीटर प्रति सेकंदाने कमी होतोय. फार काही नाही, साधा ब्रेक आहे. दोन सेकंदांच्या आत आणि अडीच-पावणेतीन मीटरमध्ये बस उभी राहील. या दोन सेकंदांत उभा माणूस काय करतो? पुढे पडू नये म्हणून तो आपोआप मागे झुकतो. किती झुकायचं हे ॲक्सिलरेशन आणि जी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. इथे ते साधारण ८ ते ९ अंश येतं. एवढं झुकलं की माणूस पुन्हा समतोलात. जणू गुरुत्वाकर्षणाची दिशाच थोडी तिरकी झाली आहे आणि आपण त्या तिरक्या दिशेत सरळ उभे आहोत.

म्हणजे ब्रेक लागलेला असताना आजी पडली नाही, कारण तिच्या शरीराने त्या ॲक्सिलरेशनशी जुळवून घेतलं होतं. गंमत पुढेच आहे. ब्रेकचं घर्षण चाक फिरतंय तोवरच गाडीला मागे ओढतं. ड्रायव्हरने पाय तसाच दाबून ठेवला, तर गाडी थांबते त्या क्षणी हा मागे ओढणारा फोर्स हळूहळू कमी होत नाही, एकदम नाहीसा होतो. दीडवरून थेट शून्य! ब्रेक लागताना दबलेलं गाडीचं नाकही त्याच क्षणी उसळून वर येतं. गुरुत्वाकर्षणाची 'दिशा' पुन्हा सरळ होते, पण माणूस अजून ८ अंश मागे झुकलेलाच असतो. मेंदूला खबर पोचायला, स्नायूंनी हुकूम पाळायला वेळ लागतो. विशीत आपण एक पाऊल मागे टाकून सावरतो आणि विसरून जातो. सत्तरीत ते पाऊल वेळेवर पडत नाही. माणूस पडतो. मागेच पडतो, आणि गाडी थांबल्यावरच पडतो.

आजीने सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता. मी म्हणाले होते, ॲक्सिलरेशन शून्य, म्हणजे गाडीचा काही संबंध नाही. पण ॲक्सिलरेशन *शून्य आहे* आणि ॲक्सिलरेशन *आत्ताच शून्य झालंय* यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक ॲक्सिलरेशनच्या आकड्यात दिसतच नाही. झोक्यावर बसलेलं मूल आठवा. मधल्या, सगळ्यात खालच्या बिंदूपाशी त्याला पुढे-मागे खेचणारं ॲक्सिलरेशन शून्य असतं, पण नेमकं तिथेच ते सगळ्यात वेगाने बदलत असतं.

मला स्वस्थ बसवेना. आजकाल प्रत्येक मोबाइलमध्ये ॲक्सिलरोमीटर असतो. सुट्टीत घरी गेले तेव्हा मोबाइल बसच्या सीटवर घट्ट दाबून धरला आणि पाच-सहा स्टॉप ग्राफ घेत गेले. (शेजारच्या काकू सीट बदलून गेल्या!) प्रत्येक वेळी तोच आकार. ब्रेक लागला की ग्राफ खाली उतरतो, बऱ्यापैकी सपाट चालतो, आणि गाडी थांबताना भिंतीसारखा उभा वर येतो, थोडा डुलतो, मग शांत. एका स्टॉपला मात्र ती भिंत नव्हती, छान उतार होता. थांबताना ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय शेवटच्या क्षणी थोडा सैल केला असणार.

गणित साधं आहे. दीडचा शून्य व्हायला सेकंदाचा दहावा भाग लागला तर जर्क १५. तेच एक सेकंदभर होऊ दिलं तर फक्त १.५. ब्रेक तोच, गाडी तीच, वेग तोच. फरक दहा पटींचा.

हे सगळं मी रूमवर उत्साहाने सांगत होते तेव्हा माझी सिव्हिलची रूममेट म्हणाली, "यात नवीन काय? आमच्याकडे याला 'सी' म्हणतात." मी उडालेच! तिने पुस्तक काढून दाखवलं. सरळ रस्ता आणि गोल वळण थेट जोडलं तर बाजूला फेकणारा फोर्स एकदम येऊन आदळतो. म्हणून मध्ये ट्रान्झिशन कर्व्ह घालतात, ज्यात वळण हळूहळू तीव्र होत जातं. त्याची लांबी काढताना इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम वापरतात. ८० भागिले, ७५ अधिक ताशी किलोमीटरमधला वेग, म्हणजे सी. आणि हा सी ०.५ ते ०.८ मीटर प्रति सेकंद घन यांच्यामध्येच ठेवायचा. युनिट पाहिलंत? हा जर्कच आहे! ताशी ८० किलोमीटरला ३०० मीटर त्रिज्येच्या वळणाआधी सुमारे ७१ मीटर ट्रान्झिशन लागतं. आपल्या रेल्वेतही सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये क्युबिक पॅराबोला असतो तो याचसाठी. म्हणजे आपण घरी जाताना गाडीत निवांत झोपतो, कारण कुणीतरी जर्कचा हिशेब करून ठेवलाय. आणि माझी रूममेट दोन वर्षं तो फॉर्म्युला पाठ करत होती, पण 'सी' म्हणजे बसमधला हिसका हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या हातांना तर हे न शिकवता येतं. १९८५ मध्ये तमार फ्लॅश आणि नेव्हिल होगन या संशोधकांनी दाखवलं, की माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सहज हात नेतो तेव्हा हाताचा मार्ग आणि वेग जवळपास असाच असतो, की संपूर्ण हालचालीतला जर्क मिळून कमीत कमी व्हावा. याचा अर्थ मेंदू बसून तिसरा डेरिव्हेटिव्ह काढतो असा नाही. पण मेसमध्ये काठोकाठ भरलेला चहा टेबलापर्यंत आणताना आपण सुरुवात आणि शेवट मऊ ठेवतो, ते काही उगीच नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या एका सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "न्यूटनचा नियम काय? एफ इज इक्वल टू एम ए. त्यात जर्क कुठे आहे? आत्ताची पोझिशन, आत्ताची व्हेलॉसिटी आणि फोर्सचा नियम माहीत असला की पुढचं सगळं काढता येतं. तिसरा डेरिव्हेटिव्ह वेगळा शिकवायची गरजच काय?"

सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ते मान्य करूनच मला पुढे बोलायचंय. निसर्गाचे हालचालीचे मूळ नियम दुसऱ्या डेरिव्हेटिव्हपाशीच थांबतात. जिथे तिसरा आणायचा प्रयत्न झाला तिथे पंचाईतच झाली. ॲक्सिलरेट होणारा इलेक्ट्रॉन रेडिएशन बाहेर टाकतो, आणि त्या रेडिएशनचा जो उलटा फोर्स त्याच्यावर येतो तो जर्कच्या प्रमाणात असतो. याला अब्राहम-लॉरेंट्झ फोर्स म्हणतात. पण ते समीकरण जसंच्या तसं सोडवलं तर बाहेरून कोणताही फोर्स नसताना इलेक्ट्रॉन आपोआप वेग वाढवत पळून जातो, असं विचित्र उत्तर निघतं! तेव्हा निसर्गाला विचाराल तर तो सांगेल, दोनच पुरेत.

पण आपण इंजिनिअर कुणासाठी होतो आहोत? पॉइंट मासला मनगट नसतं. पॉइंट मास पडत नाही, दचकत नाही, झिजत नाही, खडखडत नाही. पहिल्या वर्षी आपण गाडीचा, लिफ्टचा, माणसाचा सगळ्यांचा ठिपका करतो. ठिपक्याला जर्क कळत नाही हे खरंच आहे. पण ज्या वस्तूला लवचीकपणा आहे, सांधे आहेत, आणि ज्या माणसाला तोल सावरायला वेळ लागतो, त्यांना बदलाचा वेग लागतोच. हालचाल *काय होईल* हे सांगायला ॲक्सिलरेशन पुरतं. ती हालचाल *सोसणाऱ्याला* काय होईल हे सांगायला जर्क लागतो. माझ्या मते इंजिनिअरिंगचं खरं काम या दुसऱ्या प्रश्नापाशी सुरू होतं.

आणि आपण काय करतो? अकरावीपासून व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी घोकतो. त्यात ए कॉन्स्टंट आहे ही अट पुस्तकात एका ओळीत असते आणि आपल्या डोक्यात तीही नसते. 'अ बस स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट विथ युनिफॉर्म ॲक्सिलरेशन' हे वाक्य आपण शेकडो गणितांत वाचलंय. पण शून्य ॲक्सिलरेशनवरून ती बस त्या युनिफॉर्म ॲक्सिलरेशनवर *कशी पोचली*, हे एकाही गणितात विचारलेलं मला आठवत नाही. आजी जिथे पडली ती जागा नेमकी त्या न विचारलेल्या प्रश्नात होती.

मी काही नवा पेपर मागत नाहीये. (माझ्या बॅचचे लोक मला हॉस्टेलमध्ये शिरू देणार नाहीत!) सिलॅबस आधीच उतू जातोय. माझं म्हणणं एवढंच. एफ.ई.च्या मेकॅनिक्समध्ये एक तास असावा. ॲक्सिलरेशनचा ग्राफ काढायचा, त्याचा स्लोप दाखवायचा आणि नाव सांगायचं. एक प्रॅक्टिकल असावं, त्याला लॅबही लागत नाही. मोबाइल घ्या, कॉलेजच्या बसमध्ये बसा, थांबण्याचा ग्राफ काढा. मग सिव्हिलला 'सी' आणि मेकॅनिकलला कॅम शिकताना मुलांना कळेल, की हे दोन वेगळे फॉर्म्युले नाहीत, एकाच आजीच्या दोन गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट, हे ज्ञान फक्त पुस्तकात आहे असं समजू नका. आपल्या कॉलेज बसच्या काकांना मी विचारलं, तुम्ही थांबताना गाडी डुलत कशी नाही? ते हसून म्हणाले, "ताई, ब्रेक दाबायला कुणीही शिकतं. सोडायला शिकावं लागतं." आमच्या अख्ख्या चॅप्टरचं सार या माणसाने एका वाक्यात सांगितलं. त्या दिवशीच्या ड्रायव्हरवर माझा राग नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नसेल. त्यालाही शिकवलं असणार ते गाडी सावकाश चालवा म्हणूनच. वेगाच्या पाट्या रस्तोरस्ती आहेत. हिसक्याची पाटी कुठेच नाही.

आणि शब्दाबद्दल. जर्कला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या रूममध्ये बरीच चर्चा झाली. कुणी संस्कृतातून काहीतरी घडवायला निघालं होतं. माझं मत, शब्द आहे की! हिसका. बसने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत आहे, आणि अर्थही अचूक आहे. धक्का वेगळा, हिसका वेगळा. ज्या भाषेत हा शब्द होता त्या भाषेत आजीने मला पहिल्याच दिवशी बरोबर उत्तर दिलं होतं. माझ्याच कॉन्व्हेंटच्या फिजिक्समध्ये तो शब्द नव्हता, म्हणून मला ते उत्तर वाटलं नाही, तक्रार वाटली.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीला समोर बसवलं. टेबलावर पुस्तक उभं ठेवलं, ट्रे सरकवून आणि थांबवून दाखवला, मोबाइलवरचा तो भिंतीचा ग्राफ दाखवला. मग बाबांनाही बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आजीला चक्कर आली नव्हती. मी चुकीचं सांगितलं होतं." बाबा बराच वेळ ग्राफ बघत राहिले. आजी म्हणाली, "मी तेच तर म्हणत होते." बस्स, एवढंच.

आता ती पुन्हा गुरुवारी जाते. गाडी थांबून पुरती डुलायची थांबेपर्यंत दांडा सोडत नाही. मी सांगितलंय म्हणून नव्हे, तिला ते आधीपासूनच माहीत होतं. फरक इतकाच, की आता तिच्यावर विश्वास ठेवला जातो.

तेव्हा दोस्तांनो, उद्या इंजिनिअर म्हणून तुमच्यासमोर कुणी तक्रार घेऊन आलं, आणि तुमचे सगळे आकडे शून्य दाखवत असले, तर "तुमचाच काहीतरी गैरसमज झालाय" असं म्हणण्याआधी एकदा विचारून बघा. हा आकडा शून्य *आहे*, की आत्ताच शून्य *झालाय*?

— टी. ई. मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल